वीस पैशांची गोळी आणि पाच लाखांचे कवच

बारामती म्हटले की राज्यकर्त्यांच्या आणि वृत्तपत्रांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. नीरा डाव्या कालव्याचे वाहते पाट, उसाचे हिरवे मळे, सहकारी कारखान्यांची धुराडी, शिक्षणसंकुले, औद्योगिक वसाहत आणि २०१९ पासून चालू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. देशभरच्या पाहुण्यांना हे चित्र अभिमानाने दाखविले जाते. परंतु याच तालुक्याच्या पोटात दुसरी बारामती आहे. सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा तिचा जिरायती पट्टा. कऱ्हेच्या खोऱ्यातील या गावांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, पुढे उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज केले, मोर्चे काढले, आणि प्रत्येक निवडणुकीत तीच आश्वासने पुन्हा ऐकली. लोणी भापकरचे मल्लिकार्जुन मंदिर आणि तेथील दगडी पुष्करणी पाहावयास अभ्यासक येतात. शेकडो वर्षांपूर्वी पाणी साठविण्याचे शहाणपण कोणी दाखविले होते याचे कौतुक करतात आणि परत जातात. आजचे पाणी कोणाच्या शेतात जाते, हा प्रश्न मात्र पुष्करणीच्या पायऱ्यांवर तसाच पडून राहतो.

पाण्याच्या वाटपाविषयी या पट्ट्यात पुष्कळ लढे झाले. औषधाच्या वाटपाविषयी मात्र फारसा विचार झालेला नाही. वस्तुतः दोन्ही प्रश्नांची जात एकच आहे. उगमाशी मुबलकता आणि टोकाशी कोरड, हे दोहोंचे समान लक्षण. पाण्याची टंचाई निदान डोळ्यांना दिसते. औषधाची टंचाई माणसाच्या रक्तवाहिन्यांत दिसते, आणि तीही तो अंथरुणाला खिळल्यानंतरच.

श्रीमंतांचा आजार?

रक्तदाब हा गादीवर बसणाऱ्यांचा, तूप खाणाऱ्यांचा, चिंता विकत घेणाऱ्यांचा आजार आहे, असा एक समज अद्यापही प्रचलित आहे. खेदाची गोष्ट अशी की, चळवळीतील कार्यकर्तेही त्यातून सुटलेले नाहीत. हिवताप, क्षय, अतिसार, कुपोषण हे गरिबांचे आजार आणि रक्तदाब, हृदयविकार हे धनिकांचे, अशी सोयीची विभागणी करून पुरोगामी मंडळींनी हा प्रश्न शहरी दवाखान्यांच्या स्वाधीन केला. आकडे मात्र वेगळेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे अथवा ते त्यासाठी औषध घेत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या पाहणीने प्रौढांमधील हे प्रमाण ३५.५ टक्के दिले आहे. मोजमापाच्या पद्धतीनुसार आकडा बदलेल. परंतु दर पाच प्रौढांमागे निदान एकाला हा विकार आहे, याविषयी वाद उरलेला नाही. एवढे धनिक या देशात नाहीत! अर्थात, या आजाराने शेताच्या बांधावर आणि ऊसतोड मजुराच्या कोपीत केव्हाच प्रवेश केला आहे.

हा आजार दुखत नाही, ताप आणीत नाही, कामावर जाण्यापासून रोखीत नाही. म्हणूनच तो कष्टकऱ्याचा अधिक मोठा शत्रू आहे. ज्याची रोजी हातापायांवर अवलंबून आहे, तो दुखल्याखेरीज दवाखान्याची पायरी चढत नाही. वर्षानुवर्षे वाढलेला दाब मग एके दिवशी मेंदूतील रक्तवाहिनी फोडतो अथवा तिच्यात गाठ अडकवितो, आणि माणसाची एक बाजू लुळी पडते. किंवा छातीत कळ येऊन हृदयाचा स्नायू मरतो. किंवा मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. घरातील कर्ता माणूस खाटेवर, त्याची बायको त्याच्या शुश्रूषेत, मुलगी शाळेतून काढलेली आणि उरलेली दोन एकर जिरायत गहाण. ही वाट महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्याला नवी नाही.

एका गोळीचे कार्य

ही वाट अडविणारे औषध उपलब्ध आहे. त्याचे नाव ॲम्लोडिपिन. मेडिकलच्या दुकानात त्याला ‘बीपीची गोळी’ म्हणतात. शास्त्रज्ञ ते कॅल्शियम-रोधक औषधांच्या वर्गात मोडतात. त्याचे कार्य समजावयास वैद्यकाची पदवी लागत नाही. रोहिणीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. या पेशींच्या आवरणाला सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की कॅल्शियम आत शिरतो, स्नायू आवळतो आणि रक्तवाहिनी अरुंद होते. अरुंद नळीतून तेवढेच रक्त ढकलावयाचे तर दाब वाढणारच. ॲम्लोडिपिन ही दारे काही अंशी बंद करते. चारीचे दार किती उघडावे यावर पाण्याचा जोर ठरतो, हे कालव्याकाठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. येथेही हिशेब तोच आहे. स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते, दाब उतरतो, हृदयावरचा भार हलका होतो. म्हणून हेच औषध श्रमाने छातीत कळ येण्याच्या विकारावर, म्हणजे हृदयशूळावरही उपयोगी पडते. काहींच्या घोट्यांना सूज येते, काहींना भोवळ येते; म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. परंतु एकंदरीत औषध सुरक्षित आहे, दिवसातून एकदाच घ्यावयाचे आहे, आणि निम्मे औषध शरीराबाहेर पडावयास ३० ते ५० तास लागत असल्याने त्याचा परिणाम टिकून राहतो.

या वर्गाचा शोध कोण्या एका कंपनीच्या तिजोरीत लागलेला नाही. कॅल्शियम रोखून स्नायू सैल करता येतो, ही मूळ कल्पना १९६० च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या आल्ब्रेश्ट फ्लेकेनश्टाइन या शरीरशास्त्रज्ञाने मांडली. १९७५ मध्ये निफेडिपिन बाजारात आले. फायझर या अमेरिकी कंपनीचे ॲम्लोडिपिन १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि काही वर्षांतच जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत जाऊन बसले. एका वर्षातील त्याची विक्री ४०० कोटी डॉलरच्याही पुढे गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड चाचणीत या महाग गोळीची तुलना क्लोरथॅलिडोन या जुन्या, अत्यंत स्वस्त मूत्रल औषधाशी करण्यात आली. हृदयविकाराचे झटके टाळण्यात दोन्ही बरोबरीची ठरली. हृदय कमकुवत होण्याचे प्रमाण तर जुन्या औषधावर कमी आढळले. म्हणजे, नवे आणि महाग तेच श्रेष्ठ, हा बाजाराचा मंत्र विज्ञानाच्या कसोटीला उतरला नाही.

या वादात विज्ञानाचा आवाज कोणाच्या पैशाने बोलत होता, तेही एकदा मोजले गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यास या वर्गातील काही औषधांच्या सुरक्षिततेविषयी शंका उपस्थित झाल्या. १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. या औषधांची बाजू घेणाऱ्या लेखकांपैकी ९६ टक्क्यांचे ती तयार करणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते. तटस्थ लेखकांत हे प्रमाण ६० टक्के आणि टीका करणाऱ्यांत ३७ टक्के निघाले. औषध वाईट होते असा याचा अर्थ नव्हे. पुढे झालेल्या चाचण्यांत दीर्घकाळ परिणाम करणारे ॲम्लोडिपिन उपयुक्त आणि सुरक्षितच ठरले. अर्थ एवढाच की, औषधाचे गुणदोष ठरविण्याचे काम विक्रेत्यावर सोपविता येत नाही.

स्वस्ताई कोणाची देणगी?

भारतातील रुग्णाला हे औषध १९९० च्या दशकातच देशी कंपन्यांकडून स्वस्तात मिळू लागले. अमेरिकेतील रुग्णाला त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले. तेथील न्यायालयाने फायझरचे पेटंट अवैध ठरविले तेव्हा कोठे मक्तेदारी संपली. हा फरक बाजाराच्या कृपेने पडला नाही. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभा राहिलेला १९७० चा पेटंट कायदा याला कारण आहे. औषधाच्या पदार्थावर कोणाचीही मालकी चालणार नाही, मालकी फार तर ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर आणि तीही अल्पकाळ राहील, असे त्या कायद्याने ठरविले. लोणी भापकरच्या शेतमजुराच्या तळहातावर जी पांढरी गोळी पडते, तीत या कायद्याचा वाटा कोणत्याही संशोधकाच्या वाट्याएवढाच मोठा आहे.

ज्या दिल्लीने तो कायदा केला, त्याच दिल्लीने जागतिक व्यापार संघटनेच्या अटींपुढे मान तुकवून १ जानेवारी २००५ पासून पदार्थ-पेटंट पुन्हा लागू केले. परिणामी जुनी गोळी स्वस्त राहिली, परंतु उद्या येणारे नवे औषध वीस वर्षे मक्तेदारीच्या कुलपात राहील. आज ॲम्लोडिपिनच्या स्वस्ताईचे दाखले देऊन ‘खुल्या बाजाराने औषधे सर्वांच्या आवाक्यात आणली’ असे सांगणारे लोक, ज्या झाडाच्या सावलीत बसले आहेत त्याच झाडाच्या मुळाशी कुऱ्हाड घालीत आहेत.

शिवाय ही स्वस्ताई कितपत खरी आहे? तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून सरकारी दवाखान्यांसाठी एकत्रित खरेदी सुरू केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना चालू केली. अशा एकत्रित खरेदीत ॲम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी काही पैशांत पडते. तीच गोळी व्यापारी नाव धारण करून दुकानाच्या काचेमागे बसली की दोन-तीन रुपयांना होते. रसायन तेच, कार्य तेच, कित्येकदा कारखानाही तोच! वाढते ती वेष्टनाची चमक, कंपनीच्या एमआरची पायपीट, डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च आणि प्रत्येक पायरीवरचा नफा.

१९९५ पर्यंतच्या औषध-किंमत नियंत्रण आदेशांत किमतीचा आधार उत्पादनखर्च हा होता. २०१३ च्या आदेशाने तो आधारच काढून टाकला. बाजारात ज्या नाममुद्रांचा वाटा एक टक्का वा अधिक आहे, त्यांच्या किमतींची सरासरी काढावयाची, तीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवावयाचा आणि तिलाच कमाल किंमत म्हणावयाचे, अशी ही रीत आहे. लुटीची सरासरी काढून तिच्यावर सरकारी शिक्का मारणे, याला नियंत्रण म्हणता येत नाही. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकानुसार दरवर्षी दरवाढ करण्याची मुभा आहे. २०२२ मध्ये ती सुमारे १०.८ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे १२.१ टक्के होती. कांद्याला निर्देशांकाची हमी नाही, ज्वारीला नाही, शेतमजुराच्या मजुरीला तर नाहीच. औषध कंपन्यांच्या नफ्याला मात्र ती आहे. राज्य कोणाचे, याचे उत्तर अशा आदेशांच्या बारीक अक्षरांत सापडते.

अपुरे राहिलेले काम

येथे समाजवाद्यांनी स्वतःच्या इतिहासाकडेही पाहणे प्राप्त आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्ये दिलेल्या अहवालात बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस होती. १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारात समाजवादीही होते. त्या सरकारच्या काळात कोकाकोला देशातून गेला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु त्याच सरकारच्या १९७८ च्या औषध धोरणाने राष्ट्रीयीकरण बाजूस ठेवले आणि व्यापारी नावांची बंदी अवघ्या पाच औषधांपुरती मर्यादित केली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तेवढीही बंदी टिकली नाही. शीतपेयाची बाटली हटविणे सोपे गेले; औषधाच्या बाटलीवरचे नाव हटविता आले नाही. ही चूक आजही दुरुस्त झालेली नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना मूळ नावाने औषध लिहिण्याचे बंधन घातले आणि त्याच महिन्यात डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधापुढे नमून तो नियम स्थगित केला.

व्यापारी नावांचे समर्थक एक आक्षेप घेतात, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, स्वस्त सरकारी औषध निकृष्ट असते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील काही शासकीय रुग्णालयांना बनावट प्रतिजैविके पुरविली गेल्याचे उघडकीस आलेच. ते कृत्य अक्षम्य आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष कोणता? नाममुद्रा ही शुद्धतेची हमी नव्हे. हमी देते ती प्रयोगशाळेतील तपासणी. तामिळनाडूत पुरवठ्याचा प्रत्येक गट तपासून मगच दवाखान्यात जातो. महाराष्ट्राला हे जमत नसेल तर दोष स्वस्ताईचा नसून, निरीक्षकांची पदे रिकामी ठेवणाऱ्या आणि खरेदीची यंत्रणा वारंवार बदलणाऱ्या शासनाचा आहे. २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, ती विस्कळीत झाली, मग २०२३ मध्ये नव्या प्राधिकरणाचा कायदा केला. दरम्यान रुग्णाने काय करावयाचे, याचा विचार कोणत्या टिपणीत आढळतो?

आणि पुणे जिल्ह्यातच, पिंपरीला, १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही देशातील पहिली सार्वजनिक औषध कंपनी उभी आहे. पेनिसिलीन परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये म्हणून ती उभारली गेली. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची शिल्लक जमीन विकून देणी फेडावी आणि पुढे कंपनीच विक्रीस काढावी, असा निर्णय केला. ज्या जिल्ह्यात लोकांच्या मालकीचा औषध कारखाना आहे, त्या जिल्ह्याच्या खेड्यांतील गोळी खाजगी नाममुद्रेच्या भावाने का विकत घ्यावी लागते, हा प्रश्न बारामतीच्या विकासाची गाथा गाणाऱ्यांना कोणी विचारीत नाही.

हिशेब मांडून पाहावा

शासनाकडे पैसा नाही, ही सबब नेहमीची. हिशेब करून पाहावा. प्राथमिक आरोग्य केंद्रामागे सुमारे ३०,००० लोकवस्ती, असा शासकीय निकष आहे. लोणी भापकरलाही असे केंद्र आहे. अशा कोणत्याही केंद्राच्या कक्षेत २०,००० प्रौढ धरावेत आणि त्यांतील दर पाचांपैकी एक रुग्ण मानावा, तर रुग्ण होतात ४,०००. प्रत्येकाला दररोज एक गोळी म्हणजे वर्षाला १४ लाख ६० हजार गोळ्या. एकत्रित खरेदीत गोळी वीस पैशांना पडते असे धरले, तरी वर्षाचा खर्च होतो २ लाख ९२ हजार रुपये. काहींना दुसरे औषध जोडावे लागेल म्हणून रक्कम दुप्पट वा तिप्पट करावी. तरीही तीस हजार लोकांच्या वस्तीचे लकव्यापासून आणि हृदयविकारापासून बरेचसे रक्षण करावयास लागणारी औषधाची रक्कम दहा लाखांच्या आतच राहते.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. ज्याच्या नावाने योजना आहे, त्या महात्म्याने आयुष्यभर शेतकऱ्याचा आसूड हाती धरला. त्याच्या नावाने चाललेल्या योजनेत मात्र शेतकरी रुग्णालयाच्या खाटेवर पोहोचल्यानंतरच शासनाला दिसतो. हृदयाची नळी तुंबली की ती उघडण्यासाठी खाजगी रुग्णालयाला शासन पैसे मोजील. ती तुंबू नये म्हणून रोज घ्यावयाच्या गोळीचा खर्च या कवचात बसत नाही. सरकारी दवाखान्यांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केल्याचे जाहीर झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु फुकट गोळी आणि हजर गोळी यांत फरक आहे. खिडकीवर ‘साठा संपला’ असे उत्तर मिळाले की मोफत औषध हे जगातील सर्वांत महाग औषध ठरते. लोणी भापकरच्या पट्ट्यातील एखाद्या शेतमजूर स्त्रीला मग एसटीने बारामती अथवा मोरगाव गाठावे लागेल. तिकिटाचे पैसे, बुडालेली रोजी आणि नाममुद्रेची किंमत असा तिहेरी दंड भरावा लागेल. तो परवडला नाही तर ती गोळी एक दिवसाआड घेईल, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद करील. आणि तिच्या केसपेपरावर ‘रुग्णाने औषध सोडले’ असे लिहिले जाईल. औषध रुग्णाने सोडले की शासनाने रुग्णाला सोडले?

हे अशक्य कोटीतील काम नाही, याचा पुरावा नीरेच्या पलीकडेच आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१८ च्या सुमारास पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. तेथे कोणतेही नवे औषध आणले गेले नाही. सर्वांना समजेल अशी एकच उपचारपद्धती, तिच्या आरंभी ॲम्लोडिपिन, औषधांचा अखंड साठा, गावाजवळ तपासणी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्यावरच तो चालला. उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आल्याचे २०२२ मध्ये शासनानेच सांगितले. जगात मात्र या विकाराच्या दर पाच रुग्णांपैकी चौघांवर पुरेसे उपचार होत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. सरकारी यंत्रणेला औषध आणि माणसे वेळेवर दिली की ती काय करू शकते, हे यावरून कळावे.

‘मीठ कमी खा’

यावर सुखवस्तू वर्गाचे एक उत्तर ठरलेले असते. लोकांनी मीठ कमी खावे, तंबाखू सोडावी, फिरावयास जावे, मन शांत ठेवावे. गोळ्यांची मागणी कशाला? मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत असावे आणि तंबाखू सुटावी, हा सल्ला वैद्यकदृष्ट्या निःसंशय योग्य आहे आणि कार्यकर्त्यांनीही तो गावोगाव सांगितला पाहिजे. परंतु जिच्या ताटात भाकरीबरोबर ठेचा आणि लोणच्याखेरीज कालवण नसते, तिला मिठाचा उपदेश करणाऱ्याने आधी डाळीचा आणि भाजीचा भाव पाहावा. जी पहाटेपासून वाकून खुरपते तिला सकाळच्या फेरफटक्याचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा आहे. कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ आली असता मन शांत ठेवण्याची कला कोणत्या शिबिरात शिकवितात? सल्ला हा औषधाच्या जोडीला असावा. औषध नाकारण्याची सबब म्हणून सल्ला देणे हे शासनाची जबाबदारी रुग्णाच्या गळ्यात बांधणे होय.

दुसऱ्या टोकाला काही उत्साही कार्यकर्ते आहेत. त्यांना वाटते की, ताण हा व्यवस्थेतून येतो, म्हणून व्यवस्था बदलेल तेव्हाच रक्तदाब उतरेल. तोवर गोळ्या देणे म्हणजे कंपन्यांची धन करणे. हा विचार ऐकावयास जहाल, परंतु परिणामी निर्दय आहे. क्रांतीची वाट पाहत असता ज्याची एक बाजू लुळी पडली, तो मोर्चात कसा चालणार? ‘गोळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून घेऊच नये’ हा गावातील समज आणि हा जहाल विचार दोन्ही एकाच खड्ड्यात नेतात. गोळी सुटत नाही कारण आजार सुटत नाही, हे स्पष्टपणे सांगणे हे राजकीय शिक्षणाचाच भाग आहे.

तिसरा प्रकार नेत्यांच्या आरोग्य शिबिरांचा. वाढदिवसाला मांडव पडतो, फलकावर छायाचित्रे लागतात, शेकडो दंडांना पट्टा बांधून दाब मोजला जातो, दहा दिवसांच्या गोळ्या वाटल्या जातात. अकराव्या दिवशी काय? जो आजार आयुष्यभराचा आहे त्याला दहा दिवसांचे दान पुरत नाही. दानाला वाढदिवस लागतो. हक्काला रोजचा दिवस लागतो.

मागण्या आणि काम

औषधविक्रीतील लाचखोरीला आळा घालण्यासाठी २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने नवी आचारसंहिता काढली. तीत तक्रारीची चौकशी करावयाची कोणी, तर औषध उत्पादकांच्याच संघटनांच्या समित्यांनी! कुंपणानेच शेत राखावयाचे असा हा न्याय. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवडणूक रोख्यांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या आणि खरेदीदारांत अनेक औषध कंपन्या आढळल्या. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. मुदत उलटली, वचन तसेच राहिले. तेव्हा वरून काही आपोआप पाझरेल, या आशेत राहण्यात अर्थ नाही.

यास्तव मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या दीर्घ आजारांच्या मूलभूत औषधांचा निदान तीन महिन्यांचा राखीव साठा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात असावा आणि तो दर आठवड्याला दर्शनी फळ्यावर लिहिला जावा. रुग्णाला एका भेटीत निदान महिन्याची औषधे मिळावीत. आवश्यक औषधांच्या किमती पुन्हा उत्पादनखर्चाच्या पायावर ठराव्यात. या औषधांची व्यापारी नावे रद्द व्हावीत आणि त्याबरोबरच प्रत्येक गटाची तपासणी सक्तीची व्हावी. पिंपरीचा सार्वजनिक कारखाना विकण्याऐवजी सरकारी दवाखान्यांची मागणी त्याच्याकडे वळवावी.

परंतु मागण्यांचे निवेदन तहसीलदाराच्या टेबलावर ठेवून काम संपत नाही. ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा जो प्रयोग झाला, त्याच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून गावकऱ्यांनी प्रश्न विचारले आणि कित्येक ठिकाणी बंद पडलेल्या सेवा चालू झाल्या. तो धडा विसरता कामा नये. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील रक्तदाबाच्या रुग्णांची संमतीने यादी करावी; आशा स्वयंसेविकेला, जी स्वतःच तुटपुंज्या मोबदल्यावर राबते, तिला या कामात साथ द्यावी आणि तिच्या मागण्यांत सामील व्हावे; महिन्यातून एकदा केंद्रातील साठ्याची चौकशी करावी आणि तो संपला असेल तर तारखेसह नोंद ठेवून ग्रामसभेत वाचावी. ठराव झाला पाहिजे, त्याची प्रत जिल्हा परिषदेत गेली पाहिजे, उत्तर आले नाही तर पुढच्या ग्रामसभेत तेही वाचले गेले पाहिजे.

जिरायती गावांनी पाण्याच्या लढ्यात एक गोष्ट शिकून घेतली आहे. धरण कितीही भरलेले असो, टोकाच्या चारीला पाणी तेव्हाच येते, जेव्हा टोकाचे शेतकरी एकत्र येऊन दारावर उभे राहतात आणि पाळीची नोंद स्वतः तपासतात. औषधाचे धरण या देशात काठोकाठ भरलेले आहे. भारतातील कारखाने निम्म्या जगाला गोळ्या पुरवितात. लोणी भापकरच्या उपकेंद्रापर्यंत ती गोळी दर महिन्याला, न चुकता, फुकट आणि शुद्ध पोहोचते की नाही, हे तपासावयास आता टोकाच्या माणसांनीच दारावर उभे राहिले पाहिजे.